खोटी गिऱ्हाइकं

लग्न ठरलं तेव्हा जो तो तिला म्हणाला, "नशीब काढलंस हो पोरी!" नवरा परदेशात, कॉम्प्युटरमध्ये, मोठ्या कंपनीत. ती स्वतःही कॉम्प्युटरचंच शिकलेली होती, त्याच्याच वर्गात, आणि दर परीक्षेत त्याच्या वर होती, हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहतंय? परीक्षा जवळ आली की तो तिच्या वह्या मागायला यायचा. वह्या मागता मागता प्रेम झालं. वह्या काही परत आल्या नाहीत, पण प्रेमात एवढ्यातेवढ्यावरून कोण भांडतं!

मावशी तेवढी वेगळं बोलली. पोरीची आई लहानपणीच गेली, तेव्हापासून मावशीनंच तिला वाढवलं होतं. स्वतः लग्नाच्या भानगडीत पडली नाही, लोकांचे कपडे शिवून घर चालवलं. विमानतळावर तिनं भाचीच्या पाठीत धपाटा घातला.

"ठमे, तिकडे जाऊन नुसती घर सांभाळत बसलीस तर याद राख. स्वतःची नोकरी लागली की मला फोन कर. तोवर मी काही तिकडे यायची नाही."

"आणि लागल्यावर?"

"लागल्यावर येईन की. पण तू काढलेल्या तिकिटावर, जावयाच्या नाही."

तिकडे पोचल्यावर कळलं, की नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून आलेल्या बायकोला राहायची मुभा असते, कामाची नसते. परवाना मिळेल, पण कधी ते देव जाणे. म्हणजे डोकं विमानतळावर ठेवून आत यायचं. दोन खोल्यांचं घर, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची खिडकी, त्या खिडकीत एक मांजर, तेही दिवसभर आतच. ती ओटा पुसायची. पुसलेला ओटा पुन्हा पुसायची.

मग एका दुपारी नवरा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून स्वयंपाकघरात आला. आठवड्यातले बरेच दिवस तो घरूनच काम करायचा.

"अगं, जरा बघ ना. कुठे अडकतंय तेच कळत नाहीये."

तिनं हात पुसले आणि बघितलं. कंपनीच्या लॅपटॉपला बाहेरच्या माणसानं बोटही लावायचं नाही असा सक्त नियम होता, तसं त्यानं लिहून दिलं होतं. पण बायको काय बाहेरची असते होय?

'जरा बघ ना'चं 'तूच कर ना' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो आतल्या खोलीत मीटिंगमध्ये माना डोलवायचा आणि ती ओट्यालगतच्या टेबलावर बसून त्याचे प्रोग्राम लिहायची. खोटं कशाला बोला, तिला मजा यायची. डोक्यावरचा गंज उतरत होता, आणि आज ना उद्या आपलंही काही होईल असं वाटत होतं.

कंपनी घरपोच माल विकणारी. नवा प्रोग्राम लिहिला की खऱ्या गिऱ्हाइकांच्या हाती देण्याआधी तो खोट्या गिऱ्हाइकांवर चालवून बघायचा असतो. खोटं गिऱ्हाईक खोटी ऑर्डर देतं. सगळं नीट झालं तर पडद्यावर हिरवी खूण, गडबड झाली तर लाल. बाकीचे लोक या गिऱ्हाइकांना एक, दोन, तीन म्हणून मोकळे होतात. तिला ते जमेना. एक-दोन-तीन कधी दुकानात जाऊन कोणाचं डोकं खातात का? डोकं खातात ती आपली माणसं! म्हणून तिनं आपली माणसंच आत घातली. काका: यांचा एकदा बटण दाबून विश्वास बसत नाही, ते दोनदा दाबणार. आत्या: अर्धे रकाने रिकामे सोडणार आणि वर तक्रार करणार. आणि मावशी. मावशी वस्तू मागवणार, उलटीसुलटी करून बघणार, परत पाठवणार आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा मागवणार. घराजवळचे दुकानदार तिला लांबून येताना बघून शटर ओढायचे, ते काय उगीच?

मावशीपुढे भले भले प्रोग्राम गारद झाले. दुसऱ्या कोणाच्याही नजरेतून सुटलेली चूक मावशी हमखास पकडायची, आणि शाबासकी अर्थातच नवऱ्याला मिळायची. त्याच्या साहेबाला ते दोघं घरात 'दाढी' म्हणत. हा दाढी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटून म्हणायचा, आज तुझ्या मावशीनं वाचवलं. तिथल्या लोकांना 'मावशी' हा शब्द धड उच्चारता येईना, पण म्हणायचे सगळे. शेवटी दाढीनं त्याला टीमचा प्रमुख केलं. तो घरी येऊन ओरडलाच, "आपलं प्रमोशन झालं!"

'आपलं' म्हणाला, एवढ्यावरच ती खूश. वेडी कुठली!

सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगायच्या, "माझा लेक राबून राबून वाळला गं. तू जरा बघत जा त्याच्याकडे." ती बघतच होती की.

शेवटी एकदाचा तिचा कामाचा परवाना आला. तिनं धडाधड अर्ज टाकले. जिथे तिथे एकच प्रश्न, "मधली वर्षं काय केलंत?" काय सांगणार? घर सांभाळलं म्हणाली की समोरचा माणूस गोड हसायचा, आणि त्या गोड हसण्यानंतर पुन्हा फोन म्हणून यायचा नाही. तेवढ्यात नवऱ्याच्याच कंपनीत, दुसऱ्या विभागात, जागा निघाल्या.

"तूही टाक की अर्ज," तो म्हणाला. "आमच्याकडे नाव झाकून तपासतात. माझी बायको म्हणून कोणी नको म्हणणार नाही आणि हो पण म्हणणार नाही."

हे तिला फार आवडलं. घरी बसून एक प्रोग्राम लिहून पाठवायचा होता. तिनं सकाळी बसून दुपारपर्यंत हातावेगळा केला. इतकं स्वच्छ काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. पाठवून दिलं आणि लगेच मावशीला फोन लावला.

"मावशे, बॅग काढून ठेव."

"काढलीच आहे. माळ्यावरून ओढताना कंबर धरली मेली. लागली का?"

"लागेल गं. यावेळी लागेलच."

भरतीचं काम बघणाऱ्या बाईचा फोन आला तेव्हा ती ओटाच पुसत होती. बाईचा आवाज साखरेत घोळलेला.

"तुमचं काम सगळ्यांत उत्तम आहे," बाई म्हणाली.

तिचं काळीज सुपाएवढं झालं.

"फक्त ते तुमचं नाही."

"म्हणजे?"

"अहो, आम्ही नाव झाकून तपासतो खरं, पण तपासणाऱ्याला सुरुवातीलाच मावशी भेटली. मग काका, मग आत्या. ही मंडळी तर आता आमच्या घरची झालीयेत! तुमच्या मिस्टरांचा हात आम्ही झोपेतही ओळखू."

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. सवयीनं हात चालला होता. आपण आपल्याच घरच्या माणसांना आत घेतलंय, हे पाठवताना तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"तुम्ही... त्यांना विचारलंत?"

"विचारलं ना. लगेच कबूल केलं त्यांनी. म्हणाले, मीच मदत केली, बायकोचा जीव तुटत होता, मला बघवेना. किती प्रेमळ माणूस हो! साहेबांनी थोडी समज दिली त्यांना, पण रागावलं कोणी नाही. तुमचा अर्ज मात्र रद्द करावा लागतोय. आणि बाहेरची मदत घेतली म्हटल्यावर आमच्याकडे पुन्हा अर्ज करता येत नाही."

 बाईला वाटलं, धीर द्यावा.

"वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी मावशीची गोष्ट सांगितली होती आम्हाला, सगळ्या ऑफिससमोर. लहानपणी आई गेली, मावशीनं लोकांचे कपडे शिवून वाढवलं. आम्ही तर रडलो हो. असा माणूस मिळालाय तुम्हाला!"

फोन ठेवून ती खुर्चीत बसली. लहानपणी आई गेली! अरे, सासूबाई परवाच्या रविवारी याच फोनवर गुडघ्याला चोळायचं नवं तेल दाखवत होत्या. ठणठणीत जिवंत आईला या बाबानं ऑफिसात मारून टाकलं होतं, आणि मावशी स्वतःच्या नावावर करून घेतली होती. टाळ्या मिळाल्या असतील. मिळाल्याच असणार.

संध्याकाळी तो दारातूनच पडलेल्या चेहऱ्यानं आला. म्हणजे तिला कळल्याचं त्याला माहीत होतं.

"मी काय सांगायला हवं होतं?" तिनं विचारायच्या आधीच तो सुरू झाला. "माझा लॅपटॉप बायको वापरते म्हणून? उभ्याउभ्या हाकललं असतं मला. माझा व्हिसा गेला की तुझाही गेला. दोघांनी बॅगा उचलायच्या आणि घरी. डोकं शांत ठेवून विचार कर जरा."

तिनं विचार केला. त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"तू काय, कुठेही लागशील," तो म्हणाला. "हुशार आहेस तू."

"कुठे लागू? सगळे विचारतात, मधली वर्षं काय केलंत."

"सांग काहीतरी."

"काय सांगू? तुझी नोकरी केली म्हणून?"

तो बूट काढायला लागला. मग हळूच म्हणाला, "जेवायला काय आहे?"

मावशीची गोष्ट तिनं काढलीच नाही. 

मावशीचा फोन यायचाच होता.

"काय गं ठमे, कधी निघू?"

"नाही लागली, मावशी."

"का गं? काय कमी पडलं?"

आता या बाईला काय सांगायचं? तुलाच बघून मला नाकारलं म्हणून? "नाही जमलं मला," ती म्हणाली.

 मावशी आवाज चढवून, उसन्या उत्साहानं म्हणाली, "असू दे! एवढं काय त्यात. जावईबापू इतके हुशार आहेत, त्यांच्याकडून शिकून घे की थोडं. लाजतेस कशाला नवऱ्याजवळ?"

फोन ठेवून ती रडली. ढसाढसा रडली, आवाज करून. समोरच्या खिडकीतलं मांजर टक लावून बघत होतं.

त्या दिवसापासून तिनं त्याच्या लॅपटॉपला हात लावला नाही. भांडली नाही, अबोला धरला नाही, जेवायला वाढलं, कपडे धुतले. तो आधी म्हणाला, रुसवा आहे, जाईल. मग म्हणाला, जाऊ दे, मी करतो, त्यात काय एवढं. आणि आतल्या खोलीत दार लावून स्वतःच लिहायला बसला. त्याला वाटलं, मला येतं.

असे काही आठवडे गेले. मग एका सकाळी तो पुन्हा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"अगं, जरा बघ ना. वाट लागलीये. माल परत करून पुन्हा मागवला की लोकांच्या घरी दोन-दोन पोचतायत. शेकडो तक्रारी आल्यात. दुपारी दाढीसमोर बसून दाखवायचंय, चूक कुठे आहे आणि कशी काढली. दाढी म्हणतो, तुझी मावशी असताना हे झालंच कसं?"

ती नाही म्हणणार होती. पण इतक्या दिवसांची सवय, डोळे पडद्याकडे गेलेच. काका होते. आत्या होती.

"मावशी कुठाय?"

"ती... सारखी लाल यायची. म्हणून बंद केली. तात्पुरती गं."

"बंद केलीस."

"तात्पुरती म्हणतोय ना! आता तो विषय नको. कुठे चुकलंय ते बघ फक्त."

कुठे चुकलंय ते तिला दिसलं होतं. एक ओळ. मावशीला जागेवर ठेवलं असतं तर पहिल्याच दिवशी तिनं पकडली असती. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवून घेतला, खुर्ची ओढली, बोटं बटणांवर ठेवली. त्यानं सुटकेचा श्वास टाकला.

"तुझी मावशी," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "लोकांचे कपडे शिवून जिनं तुला वाढवलं. तिचं नाव काय रे?"

त्याचा श्वास अर्ध्यावरच राहिला.

"कोणी सांगितलं तुला? अगं, ते बोलता बोलता... सगळे विचारत होते, ही मावशी कोण म्हणून. काहीतरी सांगायला हवं होतं ना!"

"मी रागावले नाहीये. नाव विचारतेय फक्त. नाव सांग, लगेच करून देते."

त्यानं तोंड उघडलं. लग्नात तो मावशीच्या पाया पडला होता. फोनवर 'मावशी, बऱ्या आहात ना' म्हणायचा आणि फोन लगेच बायकोकडे द्यायचा. ऑफिसभर तिच्या नावानं टाळ्या घेऊन आला होता.

"मावशी... मावशीच म्हणतो ना गं आपण सगळे. थांब, थांब हं. माझ्याकडे आहे."

त्यानं घाईघाईनं खिशातून फोन काढला, शोधत राहिला, आणि मग थांबला. तिनं उठून त्याच्या खांद्यावरून बघितलं. तिथे लिहिलं होतं, 'हिची मावशी'.

तिनं लॅपटॉप मिटला, उचलला आणि त्याच्या हातांवर परत ठेवला.

"दाढीला सांग, मावशीला बंद करायला नको होतं."

"अगं, असं काय करतेस! नोकरी जाईल माझी. आपली..."

"तुझी," ती म्हणाली आणि आत जाऊन फोन लावला.

"मावशे, ती बॅग माळ्यावर टाक परत. तू नको येऊस. मीच येतेय."

"का गं? जावईबापू बरे आहेत ना?"

"बरा आहे. त्याची मावशी गेली फक्त."

"अगंबाई! त्यांना मावशी होती? कधी बोलली नाहीस ती?"

"मलाही उशिराच कळलं," ती म्हणाली आणि पलंगाखालून बॅग ओढायला वाकली.