जपून ठेवलेली डबी

“मागच्या वेळी तुमच्या त्या डबीला मी कुणाचा हात लागू दिला नाही, भाऊजी,” ताटं पुसता पुसता वहिनी म्हणाली. “या खेपेलाही काळजी नको.”

डबीवाला तळघराच्या जिन्याशी उभा होता. हातात नवी डबी, काखेत फॉर्मांची फाइल. आरोग्य खात्यात पंचवीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं. लोकांच्या घरी हवेतला वायू शोषणाऱ्या कोळशाची डबी उघडी ठेवायची, चार दिवसांनी उचलायची आणि त्या घरात रेडॉन नावाचा वायू किती आहे ते प्रयोगशाळेकडून मोजून आणायचं. गाव त्याचं खरं नाव विसरून गेलं होतं.

“हात लागू दिला नाही म्हणजे?” त्याने सहज विचारलं.

“अहो, तुम्हीच म्हणालात ना, ‘वहिनी, चार दिवस जपून ठेवा.’ खाली ह्यांचा तो पसारा. खळीची भांडी, कागदांचे ढीग. कुठे गडप झाली असती कळलंही नसतं. तुम्ही दाराबाहेर पडलात आणि मी ती वर आणली. स्टीलच्या डब्यात घातली, झाकण घट्ट लावलं आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. तुम्ही न्यायला यायच्या दिवशी सकाळी परत खाली फळीवर. कळलं तरी का तुम्हाला?”

“नाही,” तो म्हणाला. “नाही कळलं.”

वहिनी मनापासून हसली. घरातली प्रत्येक वस्तू तिने अशीच सांभाळली होती. जपून ठेवा म्हटल्यावर कुणी वस्तू उघड्यावर टाकतं का?

आता हा रेडॉन कसा, तर त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. ज्याला रंगरूप नाही त्याच्यापुढे माणसाने हात जोडावेत, असं आपण ऐकत आलो. पण हाही तसाच निराकार, आणि हा कुणाला तारत नाही. जमिनीखालच्या खडकातून निघतो, फरशीच्या भेगांतून घरात शिरतो आणि खालच्या कोंदट खोलीत साठून राहतो. मोकळ्या हवेत त्याचं काही चालत नाही. बंद खोलीत मात्र माणूस तो वर्षानुवर्षं ओढत राहतो, छातीत आतल्या आत इजा होत राहते आणि एक दिवस डॉक्टर फोटो उजेडाकडे धरून विचारतात, “सिगारेट ओढता का?”

दादाला तसंच विचारलं होतं. दादाने जन्मात विडी ओढली नव्हती. तो बुकबाइंडर. चौतीस वर्षं त्या तळघरात बसून त्याने शाळांची हजेरीपुस्तकं शिवली, वाचनालयांची फाटकी पुस्तकं बांधली. डॉक्टरांनी पुढे विचारलं, “घर तपासलंय?” तेव्हा दादा मान ताठ करून म्हणाला होता, “माझा सख्खा भाऊच तपासतो. सहा वर्षांपूर्वी तपासलंय. अडतीस आला होता.” शंभराच्या आत म्हणजे बरं. तीनशेच्या वर गेला तर घर दुरुस्त करावंच लागतं. तरीही पुन्हा मोजून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून आज ही नवी डबी.

खाली येऊन त्याने डबी दादाच्या स्टुलाशेजारी, नाकाच्या उंचीवर ठेवली. झाकण काढलं.

फॉर्मवर पाचवा प्रश्न होता, डबी जागेवरून हलवली होती का? परक्या घरी तो हा प्रश्न तीनतीनदा विचारी. विचारायला कारणही होतं. एका आजोबांनी डबी फ्रिजमध्ये ठेवली होती, गॅस उडून जाऊ नये म्हणून. एका बाईंनी धूळ बसेल म्हणून तिला रुमाल गुंडाळला होता. असे किस्से तो रंगवून सांगे आणि कचेरी पोट धरून हसे. पण सहा वर्षांपूर्वी या घरी तो प्रश्न विचारायला त्याची जीभ रेटली नव्हती. वहिनीला काय विचारायचं? जिना चढता चढता त्याने स्वतःच ‘नाही’वर खूण केली होती आणि वर येऊन चहा प्यायला होता.

या वेळी चारही दिवस तो रोज येऊन डबी बघून गेला.

“काय हो, भरवसा नाही का आता आमच्यावर?” वहिनीने चेष्टा केली.

“नियम बदललेत,” तो म्हणाला.

आकडा आला अकराशे साठ. प्रयोगशाळेतल्या बाईंनी जुना कागद काढून शेजारी धरला. “आधी अडतीस, आता अकराशे? घराला काही झालं का मधे?”

“घराला काही नाही झालं,” तो म्हणाला.

डॉक्टरांनाही त्याने गाठलं. सहा वर्षांपूर्वीच कळलं असतं तर? डॉक्टर भले माणूस होते. म्हणाले, “त्याआधीची अठ्ठावीस वर्षं होतीच की. कदाचित टळलं असतं, कदाचित नसतं. हे कुणी सांगू शकत नाही.” त्या ‘कदाचित’चा आधार घ्यायचा की त्यावर डोकं आपटायचं, हे त्याला बाहेर आल्यावरही उमजेना.

दादा तळघरातच होता. मनाई असूनही उतरला होता. मांडीवर अर्धवट शिवलेलं पुस्तक, सुई हातात तशीच.

“वर चल आधी. इथे बसायचं नाही आता.”

“किती आला?”

त्याने सांगितलं. दादाने दोरा दातांनी तोडला.

“मग तेव्हा अडतीस कसा आला रे, धाकट्या?”

उत्तराची वाट न पाहता दादाच पुढे बोलला, मधे मधे दम खात.

“तुझी वहिनी डबी वर घेऊन गेली होती ना? जिन्यात दिसली होती मला. म्हटलं, तूच सांगितलं असशील. तुझ्या कामात मी कशाला नाक खुपसू?”

“मी विचारलंच नाही, दादा. तिला नाही, तुलाही नाही. घरचंच म्हणून...”

“घरचंच म्हणून.” दादाने मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “तिला यातलं एक अक्षर कळता कामा नये. मी गेल्यावर तिला या घरात राहायचंय. रोज ते कपाट उघडायचंय.”

“नाही कळणार.”

“विचारेल ती. तेव्हा तुझ्या अंगावर घे.” त्याने सुई सुया टोचायच्या गादीत खोचून ठेवली. “आणि माझ्यावर उपकार करतोयस असं तोंड करून घेऊ नकोस. तुझंच आहे ते.”

वर येताना दादाला दोनदा थांबावं लागलं. भावाने हात पुढे केला, तो त्याने धरला नाही. भिंत धरली.

त्या संध्याकाळी वहिनीने खरोखरच विचारलं. डबीवाला म्हणाला, “मागच्या वेळी माझी चूक झाली, वहिनी. डबी नीट लावली नव्हती मी.”

“लोकांकडे नीट लावता?”

“हो.”

“मग आमच्याकडेच का नाही?”

तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “मी एवढी जिवापाड सांभाळली ती. आणि तुम्हाला नुसती नीट लावता आली नाही?”

पलीकडच्या खोलीत दादा खोकला. मुद्दाम खोकला की आला म्हणून, देव जाणे. डबीवाला उठला आणि चपला हातातच घेऊन दाराबाहेर गेला.

मग दुरुस्तीची माणसं आली. फरशीला भोक पाडून त्यांनी खालून थेट छपरावर नळ नेला, त्याला वायू बाहेर ओढणारा पंखा बसवला, भेगा बुजवल्या. पंखा रात्रंदिवस घुमू लागला. दादाने तो सात आठवडे ऐकला.

काम झाल्यावर घर पुन्हा मोजावं लागतं. दादाचे दिवस झाल्यावर डबीवाला आला, डबी लावून गेला, चार दिवसांनी उचलायला आला. तळघर आवरलेलं होतं. खळीची भांडी घासून पालथी घातलेली, स्टूल भिंतीला टेकवलेलं. हवा इतकी स्वच्छ झाली होती आणि ती घ्यायला तिथे कुणी नव्हतं.

वहिनी उंबऱ्यात उभी होती. आत या म्हणाली नाही. त्याने फाइल उघडली आणि पाचवा प्रश्न वाचला, अक्षर न गाळता.

“डबी जागेवरून हलवली होती का?”

“नाही.”

“झाकली होती? कशात ठेवली होती?”

“मी खाली गेलेच नाही.”

त्याने खुणा केल्या. फॉर्म फिरवून तिच्यापुढे धरला. तिने पदराला हात पुसले, पेन घेतलं, आणि कागदावरून नजर वर न करता विचारलं, “सही कुठे करायची, साहेब?”

त्याने बोट ठेवून जागा दाखवली.