सर्जेरावांचं दार आणि स्पितीचं पाणी

एक फोटो विकला गेला तर श्यामसुंदररावांना अठरा हजार रुपये मिळणार होते, कॅमेरा वाचणार होता आणि बायकोसमोर शेवटचं वाक्य एकदा तरी आपलं असण्याचं सुख लाभणार होतं. यातलं तिसरं त्यांना सगळ्यात महाग वाटे. छत्तीस वर्षांच्या संसारात ते बाजारात आलेलंच नव्हतं.

श्यामसुंदरराव कसबा पेठेतले. सारी नोकरी गेली दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी जन्मभर काढलेले डोंगर-नद्यांचे फोटो मोठे छापून, फ्रेम करून विकायला काढले. फोटो चांगले होते, हे त्यांचे शेजारीसुद्धा मान्य करत. म्हणजे चांगलेच असणार. पण घेत कोणी नसे. फ्रेमा आधी दिवाणाखाली गेल्या, मग कपाटामागे. लडाख फ्रिजच्या मागे गेला त्या दिवशी वासंतीबाई बोलल्या.

"अहो, दसऱ्यापर्यंत एक तरी विका. नातेवाइकाला नाही, परक्या माणसाला. नाहीतर कॅमेरा विकायचा आणि ओट्याखाली ट्रॉल्या करायच्या. कॅमेऱ्याला गिऱ्हाईक आहे, मी विचारून ठेवलंय."

श्यामसुंदररावांनी एक छोटा हॉल घेऊन प्रदर्शन लावलं. गर्दी झाली. पुण्यात फुकट प्रदर्शनाला गर्दी होतेच. त्यात चहा होता. लोकांनी हिमालय पाहिला आणि विचारलं, "कुणाबरोबर गेला होतात? जेवण आपलं होतं का?" एक गृहस्थ कच्छच्या रणापुढे इतका वेळ उभे राहिले की श्यामसुंदररावांनी हळूच पावतीपुस्तक काढलं. गृहस्थ वळून म्हणाले, "फ्रेम सुरेख आहे. कुणाकडनं करून घेतलीत?"

शेवटच्या संध्याकाळी उल्का आली. मांजरी गावच्या सर्जेरावांची सून, आयटीतली. सर्जेरावांनी उसाची थोडी जमीन बिल्डरला देऊन उरलेल्या जमिनीवर बंगला बांधला होता. बंगल्याच्या हॉलमध्ये एक भिंत होती, आणि तिच्यावर काय लावायचं यावरून घरात दोन महिने बोलणी चालली होती.

"काका, हे किती अमेझिंग आहे!" ती एका फोटोपुढे थांबली. हिमाचलातल्या स्पिती नदीचा होता. उघडे डोंगर, कड्यावर गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, आणि खाली दगडांवरून फेसाळत डावीकडून उजवीकडे धावणारं पाणी. "हे आम्हाला बारा फुटी करून मिळेल? फोटोशॉप वगैरे नाहीये ना?"

श्यामसुंदररावांना हाच प्रश्न हवा होता. त्यांनी फ्रेम उलटी करून मागे चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. 'या छायाचित्रात कोणताही फेरफार केलेला नाही.' खाली सही, ऑफिसात करायचे तशी, दोन टिंबांसकट.

"जुन्या फिल्मच्या स्लाइडवरून मी स्वतः स्कॅन केलाय," ते म्हणाले. "निसर्गात सुधारणा करणारे आपण कोण?"

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी फोटो भिंतीवर चढला. वास्तुशांतीला सारं गाव जेवायला आलं, सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. सर्जेरावांच्या आई मथुराबाई तेवढ्या गप्प होत्या. पंगती उठल्यावर त्या खुर्ची ओढून फोटोसमोर बसल्या, एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा त्याच भिंतीतल्या उजव्या हाताच्या मुख्य दाराकडे, आणि म्हणाल्या, "सर्ज्या, पाणी दाराकडं चाललंय."

"चालू दे की, आई."

"चालू दे काय! पाणी म्हंजी लक्ष्मी. घरातनं भाईर निघालीया ती, आन तू तिच्यावर लाइटी लावल्यात."

हे ऐकायला सर्जेरावांचे मेहुणे जयसिंग नेमके हजर होते. "पुण्याच्या माणसानं घातली टोपी, दाजी," ते म्हणाले आणि पान लावायला बसले.

दुसऱ्या दिवशी श्यामसुंदररावांना बोलावणं गेलं. पैसे अजून यायचे होते. समोरच्या भिंतीवर फोटो लावावा, तर तिथे टीव्ही होता, आणि टीव्हीला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

"काका, सिंपल आहे," उल्का म्हणाली. "मिरर करून परत प्रिंट काढा. एक क्लिक. प्रिंटचा खर्च आम्ही देऊ."

"म्हणजे नदी उलटी वाहवू?"

"फोटोतली हो."

"गोंपा या कड्यावरचा उचलून त्या कड्यावर ठेवू? उद्या तुमच्याकडे स्पितीला जाऊन आलेला पाहुणा आला, त्यानं विचारलं तर?"

"आमच्यात कोण जातंय स्पितीला!" सर्जेराव म्हणाले. "तुमचे पैशे अडलेत साहेब, जरा इचार करा."

श्यामसुंदररावांनी विचार केला. डोळ्यांसमोर कॅमेरा आला, कॅमेऱ्याचं गिऱ्हाईक आलं, ओट्याखाली सरकणाऱ्या ट्रॉल्या आल्या. तरी ते म्हणाले, "फोटो परत नेतो. पण खोटी नदी माझ्या सहीनं जाणार नाही."

सर्जेरावांनी मांजरीत जमिनीचे व्यवहार केले होते. हाती येणारे पैसे सोडणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. शिवाय कोपऱ्यात जयसिंग बसले होते. फोटो उतरला असता तर त्यांनी तो उतरल्याचं थेट हडपसरपर्यंत सांगितलं असतं.

"फोटो हलायचा न्हाय," सर्जेराव म्हणाले. "दार हलवू."

"दाजी!"

"त्याच भिंतीत उजवीकडचं दार बुजवायचं, डावीकडं काढायचं. दिशा तीच ऱ्हाती, आन पाणी आत येतं. संभाजीला फोन लाव."

संभाजी ठेकेदार. दार हलवायचं म्हणजे पायऱ्या हलवायच्या, पोर्च हलवायचं, घंटीची वायर, चपलांचं कपाट, तुळस. संभाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि फोटोला मनोभावे नमस्कार केला.

श्यामसुंदररावांना अठरा हजार रोख मिळाले. दसऱ्याला अवकाश होता. त्यांनी ते वासंतीबाईंसमोर मोजले आणि कॅमेरा पुसायला घेतला. बोलले काहीच नाहीत; शेवटचं वाक्य ते जपून वापरणार होते.

महिन्याभरानं नव्या दाराची पूजा झाली. या वेळी वासंतीबाईही गेल्या. नव्या दारानं आत येऊन, घरी कपाटामागे असलेला हा फोटो पहिल्यांदाच नीट बघत त्या समोर उभ्या राहिल्या आणि जरा वेळानं नवऱ्याच्या कानाशी आल्या.

"अहो, ही नदी अशी नव्हती."

"म्हणजे कशी?"

"मला घाट लागला होता, आठवतंय? बस थांबवून मी कठड्याला धरून ओकत होते आणि तुम्ही फोटो काढत होतात. पाणी डावीकडे जात होतं. सगळं माझ्या डोळ्यांदेखत गेलंय, मला सांगता!"

श्यामसुंदररावांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. घरी येताच त्यांनी स्लाइड शोधून, चौकटीवरची अक्षरं सुलट वाचता येतील अशी, खिडकीच्या उजेडात धरली. नदी डावीकडे चालली होती. ज्यांनी दुसऱ्यांच्या ताळेबंदातला रुपयाचा फरक सोडला नव्हता, त्यांनी स्कॅनरमध्ये स्लाइड पालथी घातली होती. उल्का म्हणत होती तो एक क्लिक केला असता तर फोटो खराखुरा झाला असता, आणि सर्जेरावांचं दार होतं तिथे राहिलं असतं.

"आता गप्प बसा," वासंतीबाई म्हणाल्या.

पण ते गप्प बसणाऱ्यातले असते तर मुळात दार हललंच नसतं. सकाळी स्वारगेटहून बस पकडून ते मांजरीला गेले, सर्जेरावांना अंगणात गाठलं आणि सगळं सांगितलं. अठरा हजारांचं पाकीट पुढे धरलं. "खरी नदी छापून देतो," म्हणाले. "खर्च माझा."

सर्जेरावांनी आधी बंगल्याकडे पाहिलं, मग बुजवलेल्या जागेच्या ओल्या गिलाव्याकडे.

"हळू बोला! आई आत हाय," ते म्हणाले. "खरी नदी लावली की पाणी परत दाराकडं जानार. मंग काय, दार पुन्हा तिकडं नेऊ?"

"पण सर्जेराव, त्या फोटोमागे माझी सही आहे. फेरफार नाही म्हणून."

"मागं भिंत हाय. ती वाचती व्हय? पाकीट ठेवा खिशात. आन ह्यातलं अक्षर जयसिंगाला कळलं, तर तुमच्या घराचं दार मी हलवीन."

तेव्हापासून सर्जेरावांकडे कुणी मोठा पाहुणा आला की श्यामसुंदररावांना गाडी येते. हॉलमध्ये, फोटोखाली, त्यांना बसवतात. "हेच ते साहेब," सर्जेराव सांगतात. "पैशे सोडाया तयार झाले, पर नदी उलटी करू दिली न्हाय." पाहुणे हात जोडतात. श्यामसुंदरराव चहाच्या कपात बघतात.

हिशेब असा लागला. अठरा हजार सर्जेरावांनी दिले, दाराचे पावणेदोन लाखही त्यांनीच दिले, आणि त्यातले निव्वळ नफ्याचे संभाजीच्या घरी गेले. मथुराबाईंना लक्ष्मी आत आलेली दिसली; त्यांना खर्च शून्य. कॅमेरा राहिला, म्हणून ट्रॉल्यांचं पुढच्या दसऱ्यावर गेलं. ते वासंतीबाईंच्या नावे. राहिले श्यामसुंदरराव. दुसऱ्याची चूक तोंडावर सांगणं हा ज्यांचा जन्मभराचा आनंद, ते स्वतःची चूक पाठीशी घेऊन दर वेळी तास दीड तास गप्प बसून येतात. हे त्यांच्याकडून अजून वसूल होतंय.