हद्दू धावतोय म्हणजे काही नाही

माझा नवरा हद्दू पन्नाशी उलटल्यावर खेळाडू झाला. त्याआधी इतकी वर्षं कोपऱ्यावरून पाव आणायला सांगितलं तरी त्याचे गुडघे दुखायचे. मेंढ्या डोंगरात पांगल्या तरी हा आधी चहा संपवणार आणि मग काठी शोधणार. पण शाळेतल्या जिलाली मास्तरांनी फोनवर एक ग्रुप काढला आणि हद्दूचे गुडघे एका रात्रीत बरे झाले. थंडीभर रोज पाच किलोमीटर धावायचं, बर्फ पडो नाहीतर वादळ येवो. सूर्य मावळायच्या आत धावणं पुरं झालं पाहिजे आणि एक दिवस जरी चुकला तरी माणूस बाद. जिंकलं तर काय मिळणार, असं मी विचारलं. म्हणाला, मान मिळतो. घरात तो फारसा मिळत नव्हता, हे मी कबूल करते.

आता आमचं गाव घाटाच्या वर, आणि आमच्याकडे बर्फात कुणी उगाच धावत नाही. धावतात ते एकाच कारणासाठी. घरात कुणी मरणाच्या दारात असेल किंवा कुणी बाळंतीण अडली असेल, तर घरातल्या पुरुषाने गावाच्या रस्त्याने गिरणीपर्यंत धावत जायचं. दारं वाजवायची नाहीत. अशी बातमी कुणाच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवणं बरं नव्हे. खिडकीतून ज्याला धावणारा दिसेल तो फावडं उचलतो. गावातली एकुलती एक जीप बस्सूची, तो तिच्या चाकांना साखळ्या चढवतो. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून बायका निळ्या कागदातला साखरेचा सुळका काखोटीला मारतात, आणि बर्फातल्या पावलांचा माग उलट्या दिशेने काढत सगळे त्या घरी येतात. कुणाला काही विचारावं लागत नाही.

त्यामुळे हद्दू पहिल्यांदा धावला त्या सकाळी अर्धं गाव आमच्या दारात. शेजारची म्हातारी फद्मा तर रस्त्यातूनच रडत आली होती. तिने मला मिठीत घेतलं, सासूबाईंचे गुण गायला सुरुवात केली, आणि सासूबाई शेगडीशी बसून भाजलेले हरभरे खात ते सगळं मन लावून ऐकत होत्या. घोटाळा कळल्यावर बायकांनी साखर परत मागितली. सासूबाईंनी द्यायला साफ नकार दिला. "आज ना उद्या लागणारच आहे," म्हणाल्या, आणि सुळके आपल्या पलंगाखाली सरकवले.

दुसऱ्या दिवशी थोडी कमी माणसं आली. तिसऱ्या दिवशी बस्सू एकटाच आला, जीपच्या साखळ्या हातात घेऊन, आणि हद्दूला जे बोलला ते मी लिहीत नाही. आठवड्याभरात गाव सरावलं. फद्माने निकालच लावून टाकला, "हद्दू धावतोय म्हणजे काही नाही." मग पोरंसोरंसुद्धा तेच म्हणायला लागली. आमचे महाराज खूश. सगळ्यांना आपली किंमत कळली असं त्याला वाटलं. येता-जाता खिडक्यांकडे बघून "बाहेर या, बाहेर या, घरात काय बसलात!" असं ओरडायचा. आतून लोक "उद्या येतो!" म्हणून हात हलवायचे. इतका मान.

मला हसू येत नव्हतं, कारण आमची लेक इत्तो बाळंतपणाला घरी आली होती. पहिलटकरीण, नवरा तिकडे तांजीरच्या बंदरात कामाला, आणि बाळ आडवं. घाटाखालच्या अझ्रू शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, पहिली कळ आली की तसंच उठायचं आणि खाली यायचं, घरी थांबायचं नाही. दिवस भरायला अजून अवकाश होता. पण मी रोज घाटाकडे बघत होते आणि रात्री पोरीच्या श्वासाकडे कान लावून झोपत होते.

"उद्या खरंच गरज पडली तर गावाला कसं कळायचं?" मी हद्दूला विचारलं.

"कुठल्या जमान्यात राहतेस, तूदा? फोन आहे की," तो म्हणाला आणि पायमोजे चढवायला लागला.

मग दोन दिवस थांबायचं नाव न घेता बर्फ पडला. वीज गेली, तिच्यामागे फोन गेले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी इत्तो चुलीशी वाकली ती सरळच होईना. तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आई, फार लवकर आहे ना हे?" मी नाही म्हणाले. खोटं बोलले.

हद्दूचं तोंड पांढरंफटक पडलं. तो लोकरीचा लांब जेलाबा खुंटीवरच टाकून, नुसत्या स्वेटरवर बाहेर पळाला.

पुढचं त्याने मला नंतर जीपमध्ये सांगितलं. तो कधी नव्हे इतका जोरात धावला. खिडक्यांतून लोकांनी बघितलं आणि कौतुकाने मान हलवली; अशा हवेतसुद्धा चुकत नाही बघा गडी. फद्माने चहाचा ग्लास उंच करून दाखवला. बस्सू गच्चीवरचा बर्फ लोटत होता, त्याने फावडं वर करून सलाम ठोकला. हद्दू जिवाच्या आकांताने ओरडला, "बाहेर या! बाहेर या!" बस्सू म्हणाला, "उद्या!"

दारं वाजवावीत हे त्याच्या डोक्यात आलं नाही. ज्या रिवाजाची त्याने सबंध थंडी वाट लावली, त्याच रिवाजावर भरवसा ठेवून तो गिरणीपर्यंत धावत गेला. तिथे मागे वळून बघितलं. फावडी घेतलेली माणसं मागून येत असतील अशी त्याची खात्री होती. रस्त्यावर त्याच्या स्वतःच्या पावलांखेरीज काही नव्हतं.

परत फिरला. बस्सूच्या घरासमोर आला तेव्हा पाय चालेनात आणि तोंडातून शब्द निघेना. तो रस्त्याच्या मधोमध बर्फात बसला.

पहिली खिडकी फद्माची उघडली. हा माणूस थांबलेला तिने थंडीभर एकदाही बघितला नव्हता. गरम मसेमेनच्या पोळ्या देऊ केल्या तरी जागच्या जागी उड्या मारत खायचा. "हद्दू," तिने विचारलं, "बसलास का रे पोरा?" त्याने नुसतं आमच्या घराकडे बोट केलं. बस्सू गच्चीवरून जिन्याने उतरला की उडीच मारली, कुणास ठाऊक. चहा निवायच्या आत सगळं गाव रस्त्यावर होतं.

जीप पुढे, तिच्यापुढे फावडी चालवणारे बाप्ये, मागच्या सीटवर इत्तोचं डोकं माझ्या मांडीवर. घाट उतरायला दुपार झाली.

इत्तोला तशीच शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. आम्ही इस्पितळाच्या अंगणात थांबलो. तिथे आमच्यासारखीच डोंगरातली माणसं भिंतीला टेकून, घोंगड्या पांघरून बसली होती. सगळ्यांचे डोळे त्या एका दाराकडे. हद्दूचा फोन कुणीतरी आत चार्जिंगला लावून आणून दिला होता. तो चालू झाला आणि पहिला निरोप आला तो जिलाली मास्तरांचा. सगळा ग्रुप तुमच्या बाजूने आहे, सकाळचं धावणं फोनने मोजलेलं दिसतंय, आज थोडंच अंतर राहिलंय, अजून उजेड आहे, एवढ्यासाठी सगळी थंडी वाया घालवू नका.

हद्दूने तो निरोप मला वाचून दाखवला. का, ते देव जाणे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. रडूही येत होतं आणि त्याला कुठेतरी लागेल असं बोलायचंही होतं.

"धाव की मग," मी म्हणाले. "अंगण चांगलं मोठं आहे. मान जाईल नाहीतर."

त्याने त्या भिंतीशी बसलेल्या माणसांकडे बघितलं.

"इथं धावलो तर," तो म्हणाला, "ती सगळी उठून उभी राहतील गं."

आणि बसून राहिला. उजेड हळूहळू गेला. फोन दोनदा वाजला, त्याने उचलला नाही.

दिवे लागल्यावर नर्स दारात आली आणि तिने इत्तोच्या माणसांना हाक मारली. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. हद्दू भिंतीला धरून उठला आणि एकेक पाऊल टाकत चालायला लागला, जणू कुणी झोपलंय आणि त्याला जाग यायला नको.

माझ्याने नाही झालं. मी धावले.

अंगणातली सगळी माणसं उठून उभी राहिली. कोण कुठल्या गावची, मी एकालाही ओळखत नव्हते. एकाने घोंगडी झटकून खांद्यावर घेतली, दोघी बायका माझ्यामागून यायलाच लागल्या.

"मुलगी झाली," नर्स म्हणाली. "आई पण बरी आहे. शुद्धीवर येतेय."

मी मागे वळून त्या सगळ्यांना हातानेच सांगितलं, बसा, बसा, सगळं ठीक आहे.

हद्दू अजून अंगणाच्या मध्यावर होता. तो दारापर्यंत पोहोचेपर्यंत कुणी बसलं नाही.