निघायच्या दिवशी धुणं नाही

"तुझ्या सासूनं आजही स्वतःचे कपडे अंगणातच धुतलेत बरं का!" क्वीनीनं डोक्यावरचं बोचकं धप्पकन ओट्यावर टाकलं आणि त्याखालची चुंबळ सोडून तिच्याच फडक्यानं घाम पुसला. "येताना बघितलं ना मी. गार पाणी, निळी पडलेली बोटं, आणि घासतेय आपली. सून धुणंघरात कामाला आणि म्हातारी नळाखाली! लोक काय म्हणत असतील?"

"लोक सोळा वर्षं म्हणतायत," विनी म्हणाली. "थकले नाहीत का अजून?"

लिव्हरपूलच्या स्कॉटलंड रोडवरचं ते सार्वजनिक धुणंघर विनी रॅफर्टीच्याच जिवावर चालायचं. बॉयलर कधी पेटवायचा, कुणाच्या चादरी आधी पिळायच्या, कुणाचा नवरा दारू पिऊन आल्यामुळं आज तिच्याशी बोलायचं नाही, सगळं तिला ठाऊक. अर्ध्या वस्तीचे कपडे तिच्या हातून गेले होते. फक्त घरातल्या एका माणसाचे कधी गेले नाहीत.

क्वीनीनं इकडंतिकडं पाहिलं. तिला आवाज खाली आणता येतो हे विनीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"माझ्या बहिणीनं नवीन नवरा केलाय ना, आल्फ, तो काल जेवायला आला होता. लढाईत मालवाहू जहाजावर होता. बोलता बोलता त्यानं तुझ्या डॉमच्या जहाजाचं, 'पेंडल क्रॉस'चं नाव काढलं."

विनीचा हात बॉयलरच्या झडपेवर थांबला.

"त्यांच्या पुढंच होतं म्हणे याचं जहाज. मी पुढं काही विचारलं नाही. म्हटलं, आधी तुला सांगावं. तू हो म्हणालीस तर संध्याकाळी चहाला घेऊन येते. नाही म्हणालीस तर माझ्या तोंडाला कुलूप."

"तुझ्या तोंडाला कुलूप? त्याची किल्ली साऱ्या वस्तीकडं आहे बाई!" विनी हसली, पण हसू काही जमलं नाही. तो माणूस काय सांगेल कोण जाणे. सोळा वर्षं जे ती स्वतःला समजावत आली होती त्याच्या उलटच निघालं तर?

"घेऊन ये," ती शेवटी म्हणाली.

त्या गल्लीत एक रीत होती. घरचा माणूस बोटीवर निघेल त्या दिवशी घरात धुणं काढायचं नाही. जी धुवेल, ती आपल्या माणसालाच समुद्रात धुऊन टाकेल. शांततेच्या काळात हे सोपं होतं. बोट कधी सुटणार ते शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. पण लढाई आली आणि तारखाच गुप्त झाल्या. जहाज गोदीतून निघायचं, नदीत नांगर टाकून बसायचं, मग उत्तरेला कुठंतरी इतर जहाजं जमली की सगळा ताफा मिळून अटलांटिक ओलांडायला निघायचा. मग निघायचा दिवस म्हणायचा तरी कुठला? बायकांनी आपला धुणंच बंद ठेवायचा सपाटा लावला. वस्तीला असा वास सुटला की फादर मॅकेनांनी भर चर्चमध्ये सांगितलं, "बायांनो, देवाला श्रद्धा चालते, पण दुर्गंधी चालत नाही!" बायका हसल्या. आणि घरी जाऊन कुणीही काही धुतलं नाही.

बेचाळीसच्या नोव्हेंबरात विनीचा नवरा डॉम असाच निघून गेला, आणि काही दिवसांनी दारात परत हजर. 'पेंडल क्रॉस'चं इंजिन वाटेतच बिघडलं होतं. डॉम होता आगवाला, भट्टीत कोळसा टाकणारा. डोळ्यांचा पांढरा भाग सोडला तर सगळा काळा.

"विने, पोटाला काहीतरी दे, आणि माझा पांढरा सदरा धुऊन टाक. पार वाट लागलीय त्याची."

"मी नाही धुणार. उद्या बोलावलं तर?"

"शुक्रवारपर्यंत हलत नाही जहाज. खुद्द सेकंड इंजिनियर बोललाय. अगं, कधीतरी नवऱ्याचं ऐक की!"

असा चांगला सदरा त्याच्याकडं एकच होता. तो घालून त्याला तिच्याबरोबर नाचाला जायचं होतं. विनीलाही जायचं होतं. तिचं वय तेव्हा अठ्ठावीस होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चर्चला गेल्याचं पाहून तिनं घाईघाईनं सदरा धुतला, पिळला, आणि दोरीवर टाकते न टाकते तोच कंपनीचा माणूस दार ठोठावायला आला. सगळ्यांना ताबडतोब बोलावलं होतं.

"डॉम, तो ओला आहे रे!"

"भट्टीसमोर दोन मिनिटांत कडकडीत वाळेल. रडतेस काय, वेडी!" त्यानं सदऱ्याची गुंडाळी काखेत मारली आणि तो गेला.

गल्लीच्या कोपऱ्यावर त्याला आई भेटली. ब्रायडीनं त्याच्या गालाचा मुका घेतला, आणि तिला त्याच्या काखेतून टपटपणारं पाणी दिसलं. घरी येऊन ती काही बोलली नाही. बोलली ती डिसेंबरात, जहाज बुडाल्याची तार आली तेव्हा, आणि तेही एकच वाक्य.

"धुतलंस ना त्याला?"

पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. ती सुनेशी नीट वागली. आजारपणात तिचं केलं, आपल्या ताटातला मांसाचा तुकडा तिच्या ताटात ढकलला. विनीला पोरबाळ नव्हतं, ब्रायडीला दुसरा मुलगा नव्हता. दोघींना एकमेकींवाचून होतं तरी कोण? पण त्या दिवसापासून स्वतःचा रुमालसुद्धा ब्रायडीनं सुनेला धुऊ दिला नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं विनीनं मनाला हजारदा बजावलं. मन ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी विसरायचं. म्हातारीनं एकदा, फक्त एकदा, "तुझ्यामुळं नाही गं" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

संध्याकाळी आल्फ आला. थोराड अंग, दम्यानं सूं सूं वाजणारी छाती, हातात टोपी. ब्रायडी चुलीजवळच्या खुर्चीत ताठ बसली होती. क्वीनीनं ओळख करून दिली आणि चक्क गप्प बसली.

"मावशी, तुमच्या मुलाच्या पुढचं जहाज आमचं," आल्फ म्हणाला. "त्याच रांगेत. धुकं पडलं ना, की प्रत्येक जहाजानं मागं लांब दोरानं एक लाकडी ओंडका सोडायचा. तो ओढला जाताना पाण्याचा फवारा उडतो. मागच्याला जहाज दिसत नाही, पण फवारा दिसतो. तो धरून चालायचं, म्हणजे टक्कर होत नाही. तो ओंडका सांभाळायचं काम माझ्याकडं. त्यामुळं माझं तोंड सदा मागं. पुढं अमेरिका आली काय नि गेली काय, मला पत्ता नाही! मला दिसायचं ते तुमचं जहाज."

"आमचं कुठलं? कंपनीचं," ब्रायडी म्हणाली.

"ते खरंच म्हणा. एकदा तर शेजारच्या तोफवाल्यानं आमच्या फवाऱ्यालाच पाणबुडी समजून गोळा हाणला. ओंडका बिचारा धारातीर्थी पडला!"

क्वीनी खो खो हसली. विनीला हसायचं भान नव्हतं. कपात चहा ओतताना तिनं बशीसुद्धा भरली.

"पण मी सांगायला आलो ते वेगळंच," आल्फनं टोपी गुडघ्यावर ठेवली. "तुमच्या जहाजावरचा एक आगवाला पाळी संपली की पुढच्या टोकाला हवा खायला यायचा. त्याचं नाव मला माहीत नाही. पण सगळा ताफा कोळशानं माखलेला, आणि हा पठ्ठ्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात! आम्ही त्याला नवरदेव म्हणायचो. आला रे आला, की आमची पोरं कामं टाकून मागं जमायची."

चुलीवर किटली खदखदत होती. ती उतरवायला कुणी उठलं नाही.

"काय करायचा तो?" ब्रायडीनं विचारलं.

"नाचायचा. दोन्ही हात अंगाला चिकटवून नुसते पाय उडवायचा. मग थांबून कॉलर ताठ करायचा आणि आम्हाला कमरेत वाकून सलाम ठोकायचा."

"बापाचं वळण," ब्रायडी पुटपुटली. "आमच्या लग्नात त्याच्या बापानं असंच केलं होतं. सगळे हसले होते मला." तिनं ओठ आवळले. "मग?"

"मग त्यांचं इंजिन कुरकुरायला लागलं. ते मागं पडायला लागले. ताफा थांबत नाही, मावशी. एकासाठी थांबलं तर सगळेच बुडतात, म्हणून हुकूमच तसा. त्या दिवशी धुकं नव्हतं, आभाळ स्वच्छ होतं. तरी मी ओंडका पाण्यात सोडला. वरिष्ठानं आईबहिणीवरनं शिव्या घातल्या. मी म्हटलं, असू दे, त्यांना वाट सापडेल." आल्फनं टोपी हातात फिरवली. "मूर्खपणाच तो. पण मी दुसरं काय करणार होतो? जहाजाचा रंग पाण्यासारखाच राखाडी, ते कधी दिसेनासं झालं कळलंच नाही. तो पांढरा ठिपका तेवढा बराच वेळ दिसत होता. आम्ही सगळे बघत उभे होतो. बाकीची किती जहाजं गेली, त्यातलं कुणी मला आठवत नाही. तो आठवतो."

निघताना त्यानं ब्रायडीचा हात दोन्ही हातांत धरला. विनीकडं वळून तो म्हणाला, "सदरा कुणी धुतला होता कोण जाणे, पण फार छान धुतला होता."

क्वीनी त्याला घेऊन गेली. विनी कप गोळा करायला लागली.

"इंजिन आधीपासूनच खराब होतं," ब्रायडी म्हणाली.

"हो. त्यासाठीच तर परत आले होते ते."

"मला माहीत होतं. कोपऱ्यावर भेटला तेव्हा म्हणाला होता मला. आई, या इंजिनाचं काही खरं नाही. विनीला सांगू नकोस, म्हणाला."

विनीनं कप टेबलावर ठेवून दिले. "तुम्हाला माहीत होतं? पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"आणि तरी..."

"मग काय करू? तुला दोष दिला नसता तर देवाला द्यावा लागला असता. त्याच सकाळी त्याच्यापुढं मेणबत्ती लावून आले होते मी. या वयात त्याच्याशी भांडून मी जायचं कुठं?"

"आणि मी कुठं जायचं होतं?" विनी ओरडली. इतक्या वर्षांत ती सासूवर कधी ओरडली नव्हती. "रोज माणसांचे सदरे धुते मी! रोज! पाण्यात हात घातला की मला तो बुडताना दिसायचा. एक शब्द बोलला असतात, आई. एक शब्द! तुमचा देव मोठा, आणि मी काय रस्त्यावर पडले होते?"

म्हातारीनं तोंड चुलीकडं फिरवलं. त्यानं विनीचा संताप आणखीच भडकला. ती मागचं दार आपटून अंगणात गेली. गार भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. डॉमसाठी रडली, न झालेल्या त्या नाचासाठी रडली, स्वतःच्या वाया गेलेल्या वर्षांसाठी तर सगळ्यात जास्त रडली. रडू ओसरल्यावर गारठा झोंबायला लागला, तेव्हा ती आत आली.

ब्रायडी खुर्चीत तशीच होती. केसांतल्या पिना काढायची तिची धडपड चालली होती. हात खांद्याच्या वर जात नव्हते. एक पिन निघाली होती, बाकीच्या तशाच.

"काय करताय?" विनीनं फणकाऱ्यानं विचारलं.

"हात वर जात नाहीत गं आता. किती दिवस झाले, डोक्याला धड पाणी लागलं नाही." मग सुनेकडं न बघता म्हणाली, "तू धुतेस?"

विनी जागच्या जागी उभी राहिली. मग तिनं बाह्या सरसावल्या. घमेलं टेबलावर ठेवलं, किटलीतल्या पाण्यात गार पाणी मिसळून हातावर पाहिलं. एकेक पिन काढून बाजूला ठेवली. केस पातळ, पिवळट पांढरे, तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी कमी होते. तिनं म्हातारीच्या मानेमागं हात दिला आणि डोकं घमेल्यावर वाकवलं.

"चटकतंय का?"

"नाही. अजून गरम चालेल."

विनीनं साबण लावला. बोटांखाली कवटी लहान मुलाच्यासारखी लागत होती. फेस कपाळावरून डोळ्यांवर उतरला, ब्रायडीनं डोळे मिटले, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. तार आली त्या दिवशीसुद्धा ती बाई रडली नव्हती. आता ती मोठ्यानं, मुलाचं नाव घेऊन रडत होती.

विनी तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिली.