बर्फातलं बोरन्हाण

सोलापूरहून टेम्पोचंच घर करून निघालेले गुरु आणि चंद्रिका संक्रांतीला हिमाचलात होते. टाकीतलं पाणीसुद्धा गोठलेलं. चंद्रिकाला मात्र एकच घोर होता, तान्ह्या शर्वीचं पहिलं बोरन्हाण चुकू नये.

"लुटायला पोरं नकोत का? हितनं मी पाठवू?" भवानी पेठेतून सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावरचा बर्फ उपसणाऱ्या चार बायका शेकत उभ्या होत्या. चंद्रिकानं त्यांनाच आत बोलावलं आणि शर्वीच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतला. आधी गुरुच गुडघ्यांवर बसून लुटायला लागला, तशा त्याही तुटून पडल्या. टेम्पो हिंदकळला.

"पोरं लई थोराड दिसत्यात की," सासूबाई म्हणाल्या.

शर्वी खिदळत होती. चंद्रिकानं उरलेले चुरमुरेही तिच्यावर ओतले.