बारा थरांखालचा पाइप

मी एक जुना पाइप आहे. लांबी सहा मीटर, व्यास चार इंच. दोन्ही टोकांना एकेक फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, प्रत्येक फ्लँजला आठ बोल्ट; त्यांतला एक गंजून निम्मा झालेला. अंगावर हिरव्या रंगाचे बारा थर. आणि पोटाशी, खालच्या बाजूला, तुरीच्या दाण्याएवढे एक भोक.

मित्रांनो, वर्सोव्याच्या खाडीजवळ एका बर्फाच्या कारखान्यात मी राहतो. तापलेल्या यंत्रांना थंड करणारे पाणी माझ्यातून वाहते. लोक बर्फाची वाहवा करतात. माझ्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

एकाच माणसाने बघितले. मधुकर इथला ऑपरेटर, मूळचा मालवणकडचा. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा कारखानाही निवांत असतो. त्या दिवसांत तो दरवर्षी मला फडक्याने पुसून रंगवायचा. कोळीवाड्यात होड्या नटतात, मग आमच्या पाइपांनी काय घोडं मारलंय, असे तो म्हणायचा. जुना रंग मात्र त्याने कधी खरवडला नाही. त्यात दोन दिवस जातात. मलाही ते बरेच वाटे, कारण नवा रंग अंगावर छान दिसायचा. खाडीची खारट हवा त्या रंगाखाली शिरून आपले काम करत होती.

यंदा जुलैअखेर पाणी सुरू केले आणि मी गळू लागलो. मालक म्हणाले, कापा आणि भंगारात टाका. पण माझ्या शेजारून बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया वायूच्या नळ्या जातात, तिथे कापण्याची किंवा वेल्डिंगची ठिणगी चालत नाही. आधी सगळा अमोनिया काढावा लागतो, म्हणजे पंधरा दिवस जाणार. होड्या तर रविवारी पहाटे निघणार होत्या, आणि बर्फाशिवाय होडी समुद्रात जात नाही. म्हणून रुचिराला बोलावले.

रुचिरा रसायनशास्त्र शिकलेली, वयाने लहान. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात तसे ती पाइपला घालते. काचेच्या धाग्यांचे कापड रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवायचे, घट्ट गुंडाळायचे आणि कडक होऊ द्यायचे. पण ते उघड्या लोखंडालाच चिकटते. म्हणून तिने भोकाभोवती खरवडायला घेतले. रंगाचे पापुद्रे पडताना मधुकरला बघवेना.

“बारा वर्षं पोराला आंघोळ घालावी तसा जपलाय, मॅडम.”

“काका, आंघोळ घालताना पोराचे कपडे काढतात,” रुचिरा म्हणाली.

मधुकर हसला आणि पडलेले पापुद्रे गोळा करू लागला.

मग तिने दर अर्ध्या मीटरवर रुपयाएवढी जागा खरवडून, तिथे खूण करून माझ्या भिंतीची जाडी यंत्राने मोजली. नवा होतो तेव्हा मी सहा मिलिमीटर होतो. आता भोकाजवळ दोन, बाकी खुणांवर साडेचारच्या वर. भोक बुजवून तिने कापडाचे आठ वेढे दिले. ते एक दिवस सुकले.

गुरुवारी दुपारी माझ्यात पाणी भरले, हवा काढली आणि हातपंप जोडला. रोजचा दाब चौरस सेंटिमीटरला चार किलो. चाचणी सहा किलोवर, एक तास. मालक मागे उभे होते.

मित्रांनो, तेव्हा एक गोष्ट फक्त मधुकरला आणि मला ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी मी आणखी एका जागी पाझरत होतो. हंगाम तोंडावर होता आणि मालक रागावतील म्हणून त्याने तिथे पुट्टी दाबली, वर रंग लावला आणि कुणाला सांगितले नाही. ती जागा नेमकी दोन खुणांच्या मधे आली होती. तो गप्प राहिला असता तर कदाचित निभावलेही असते. नसते निभावले, तर रुचिराचे काम वाईट ठरले असते आणि मी भंगारात गेलो असतो.

रुचिराने पंपाच्या दांड्याला हात घातला.

“थांब गं,” मधुकर म्हणाला. मॅडम म्हणायचेही त्याला सुचले नाही. “तिसऱ्या नि चौथ्या खुणेच्या मधे आणखी एक जागा आसा. मीच पुट्टी भरून रंगवलंय.”

कधी, असे मालकांनी विचारले. तीन वर्षं झाली, मधुकर म्हणाला. मालक त्याच्याकडे एकदा बघून बाहेर गेले.

रुचिराने पाणी सोडून दिले आणि खरवडणी मधुकरच्या हातात दिली.

“तुम्हीच काढा, काका.”

पुट्टी निघाली. खाली एक पूर्णांक चार मिलिमीटर उरले होते. रुचिराने आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली स्वतःची चूकही लिहिली: खुणांमधले अंतर जास्त ठेवले. दुसरे वेढे मधुकरने दिले, तिने फक्त कापड भिजवले.

बर्फाची लादी गोठायला छत्तीस तास लागतात. त्यामुळे शुक्रवारची दुपार ही शेवटची संधी होती. पुन्हा गळलो असतो, तर रविवारच्या होड्यांना आमचा बर्फ मिळाला नसता आणि मधुकरचे इथे काय झाले असते, ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, मला रंग लावा, मला तो आवडतो. पण लावण्याआधी एकदा खरवडून बघा, आणि खाली जे दिसेल ते कुणाला तरी त्याच दिवशी सांगा.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता दाब सहा किलोवर आणून झडप बंद केली. मधुकर दाबमापकाच्या काट्यासमोरून हलला नाही. रुचिरा टॉर्च घेऊन कापडाच्या वेढ्यांच्या दोन्ही पट्ट्यांखालून हात फिरवत राहिली.

चार वाजता काटा सहा किलोवर होता. दोन्ही पट्ट्या कोरड्या.