एक जूनच्या मुली

मित्रांनो, आमच्या शाळेत सगळ्यात जुनं कोण, असं विचारलंत तर सिद्राम गुरुजी कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे बोट दाखवतील. तिथं माझी जागा आहे. मी कापडी पाठीचं, कोपरे झिजलेलं जनरल रजिस्टर. उजनीच्या पाण्याकाठच्या या गावातलं प्रत्येक पोर आधी माझ्या पानावर उतरतं, मग वर्गात बसतं. कुणाची जन्मतारीख अडली की मला बाहेर काढतात. या मानाचा मला फार तोरा होता.

पण माझं एक पान उघडून बघा. तीस पोरांतली सतरा पोरं एक जूनला जन्मलेली. त्या दिवशी गावात पाळण्यांची जत्राच भरली होती म्हणायची! खरं सांगू? आईबापांना तारीख आठवायची नाही, नाहीतर पोर पहिलीला थोडं लहान पडायचं. मग गुरुजी एक जून ठोकून द्यायचे. मनात पाप नव्हतं, पोर शाळेत यावं एवढंच.

यंदा एकोणीस जूनला ते अंगाशी आलं. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची लस घेऊन वैजयंती सिस्टर शाळेत आल्या. पंधरा पूर्ण न झालेल्या मुलींना दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं. पंधरा झाली की तीन डोस लागतात, आणि त्या मुलींची सोय या शिबिरात नव्हती. वय बघायला मला टेबलावर मांडलं.

दुपारी सोनाबाई आपल्या लेकीला, आरोहीला, घेऊन आल्या. सिस्टरांनी ओळीवर बोट ठेवलं. "एक जूनला पंधरा पूर्ण झाली, ताई. अठरा दिवस उशीर झाला."

"न्हाय वो. ऊसतोड सुरू झाली तवा झालीय ही, दिवाळीच्या मागनं." सोनाबाईंनी लेकीला पुढं केलं. "माज्या थोरल्या बहिणीला ह्याच रोगानं न्हेलं. हिला सोडून जाऊ नगा."

"मला कागद लागतो. आणि दोनला गाडी निघते."

सव्वा वाजला होता. गुरुजी उठले. "तारीख मीच लिहिली होती. सोनाबाई, हिच्या जन्माचं दवाखान्याचं कार्ड हाय का घरी?"

"पत्र्याच्या पेटीत आसंल की."

सोनाबाईंना मागं बसवून गुरुजींची मोटारसायकल वस्तीकडे गेली. आरोही माझ्यासमोर बसून राहिली, तिचं घामेजलेलं बोट त्याच ओळीवर. माझा जीव टांगणीला लागला. तोंड नसणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

दोनला पाच कमी असताना दोघं आले. कार्डावर नऊ नोव्हेंबर होतं. चौदा वर्षं सात महिने. सिस्टरांनी दोनदा वाचलं, मग सुई टोचली. "दुसरा डोस एकोणीस डिसेंबरला. घाई करून आधी नको, आणि विसरायचंही नाही." सोनाबाई मटकन खाली बसून रडल्या.

बाहेर ड्रायव्हरनं गाडी चालू केली. लशीची पेटी उचलता उचलता सिस्टर थांबल्या. "गुरुजी, सकाळपासून मी चौघींना परत पाठवलं. त्यांच्या तारखा काय होत्या?"

गुरुजींनी मान खाली घातली. "एक जून."

सिस्टरांनी पेटी पुन्हा टेबलावर ठेवली आणि ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली. निरोप गेले. तीन मुली कार्डं घेऊन धावत आल्या. चौथीचं, मायाक्काचं, कार्ड घरात कुणी जपलंच नव्हतं. ती दारापर्यंत आली, बाकीच्यांना बघत उभी राहिली आणि परत गेली.

मित्रांनो, माझ्यावर विसंबू नका, मला सांगाल तेच मी सांगणार. तुमच्या जन्माचा कागद कुठं ठेवलाय, ते आजच आईला विचारा.